पाइप फिटर मिळत नाही, कारण त्याचं काम आपण मोजतच नाही

तळोजा, पाताळगंगा, रोहा, लोटे, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पाइपिंगची कामं घेणाऱ्या ठेकेदाराला विचारून बघा. वेल्डर फोन केल्यावर दोन-चार दिवसांत येऊन उभा राहतो. फिटरसाठी मात्र आठवडे जातात, आणि जो येतो त्याच्यावर काम सोपवून मुकादमाला जागचं हलता येत नाही.

फिटर म्हणवणारी माणसं भरपूर आहेत. पण हातात आयसोमेट्रिक ड्रॉइंग (लाइनच्या तिन्ही दिशा एकत्र दाखवणारा मापांचा नकाशा, थोडक्यात आयसो) दिल्यावर कुणाला न विचारता कटिंग लेंथ काढेल, एल्बोचा, म्हणजे वळणाच्या तुकड्याचा, कोन बसवेल, फ्लँजची (बोल्टने जोडायच्या चकतीची) भोकं लेव्हलमध्ये ठेवेल आणि स्पूल (लाइनचा आधी जोडून तयार केलेला भाग) जमिनीवर पुरा करून वर जागेवर बसवेल, असा माणूस शोधायला लागलं की दहा नावांची यादी दोनांवर येते. पगार कमी, कष्ट जास्त, मुलांना हाताचं काम नको, ही कारणं सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहेच. माझ्या मते मूळ दुखणं वेगळं आहे. आपल्या पाइपिंगच्या धंद्यात फिटरचं कसब कागदावर नाही, दरात नाही आणि रेकॉर्डमध्येही नाही. ते कसब नेमकं काय असतं, हे आधी नीट बघू.

६ इंची कार्बन स्टीलची शेड्यूल ४० लाइन घ्या (शेड्यूल म्हणजे जाडीचा ठरलेला क्रमांक). बाहेरचा व्यास १६८.३ मिमी, जाडी ७.११ मिमी. आयसोवर दोन ९० अंशांच्या लाँग रेडियस एल्बोंमधलं सेंटर ते सेंटर अंतर २४०० मिमी दिलंय. पाइप किती कापायचा? लाँग रेडियस एल्बोचं टेक-ऑफ (मध्यापासून तोंडापर्यंतचं अंतर) नॉमिनल साइझच्या दीडपट, म्हणजे ६ इंचाला ९ इंच, २२९ मिमी. दोन एल्बोंचे ४५८. दोन जॉइंटचे रूट गॅप (वेल्डसाठी दोन तोंडांमध्ये ठेवायची फट) ३ मिमी धरले तर आणखी ६. एकूण ४६४ वजा केले की पाइप १९३६ मिमी.

नवखा माणूस गॅप वजा करायला विसरतो. एका जॉइंटला ३ मिमी किरकोळ वाटतात, पण एकाच सरळ रेषेत दहा जॉइंट आले की ३० मिमी होतात आणि शेवटचा फ्लँज नोझलला (पंपाच्या किंवा टाकीच्या तोंडाला) भिडायच्या ऐवजी इंचभर पुढे जातो. त्याच्यापेक्षा थोडा शिकलेला गॅप धरतो, पण वेल्ड थंड होताना जॉइंट आवळला जातो हे धरत नाही. या साइझला दर जॉइंटमागे साधारण दीड-दोन मिमी जातात. गॅप किती ठेवला, वेल्डरचा हात कसा आहे, पास किती मारले, यावर हा आकडा बदलतो. मुरलेला फिटर सुरुवातीचे दोन-तीन जॉइंट वेल्डिंगच्या आधी आणि नंतर टेपने मोजतो, त्या साइटचा आकडा काढतो आणि पुढचं सगळं कटिंग त्या हिशेबाने करतो. हे कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

लाइन वरही चढते आणि बाजूलाही सरकते, तिथे खरी परीक्षा. समजा ३०० मिमी वर आणि ४०० मिमी बाजूला जायचंय. ३०० चा वर्ग अधिक ४०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ५००. हा खरा ऑफसेट. ४५ अंशांच्या एल्बोंनी जायचं म्हणून १.४१४ ने गुणायचं, ७०७ मिमी. ६ इंची ४५ च्या एल्बोचं टेक-ऑफ ९५ मिमी, दोन्हींचे १९०, गॅपचे ६. पाइप ५११ मिमी. गणित दहावीच्या पुस्तकातलं आहे. तरी असा एक रोलिंग ऑफसेट (वर आणि बाजूला एकदम सरकणारा तुकडा) खाली टेबलावर बनवून वर पहिल्या झटक्यात बसवणारे फिटर बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे ‘पाइप वर नेऊ, तिथे बघून कापू’ म्हणतात. वर बघून कापायचं म्हणजे हॉट वर्क परमिट (आगीच्या कामाची परवानगी), फायर वॉचर, चेन ब्लॉकला लटकलेला पाइप आणि स्कॅफोल्डिंगवर ताटकळणारी चार माणसं. खाली तासाभराचं काम वर अख्खा दिवस खातं.

फ्लँजच्या बाबतीत मुभा आणखी कमी. ६ इंच, १५० क्लासच्या फ्लँजला आठ भोकं, बोल्ट सर्कल २४१.३ मिमी, बोल्ट पाऊण इंची. वरची दोन भोकं समपातळीत हवीत. दोन पिना भोकांत घालायच्या, त्यांवर स्पिरिट लेव्हल ठेवायची आणि मग टॅक, म्हणजे तात्पुरता छोटा वेल्ड. लेव्हल १ अंशाने चुकली की भोक दोन मिमीहून थोडं जास्त सरकतं, दीड अंशाने चुकली की तीन मिमीच्या पुढे जातं. एएसएमई बी३१.३ या प्रोसेस पाइपिंगच्या कोडमध्ये बोल्टच्या भोकांना ३ मिमीपर्यंत आणि गॅस्केटच्या तोंडांना २०० मिमीत १ मिमी एवढीच सूट आहे. म्हणजे दीड अंशात सगळी सूट संपली.

आणि संपली की काय होतं? चेन ब्लॉक लावून लाइन ओढतात, पहारीने भोकं जुळवतात, बोल्ट घालून आवळतात. हायड्रोटेस्टमध्ये (पाण्याच्या दाबाच्या चाचणीत) काही दिसत नाही. लाइन पंपाच्या नोझलला जोडलेली असेल तर तो ताण पंपाच्या अंगावर जातो. महिन्या-दोन महिन्यांत मेकॅनिकल सील गळायला लागतं, बेअरिंग आवाज करतं, आणि बिल पंपवाल्याच्या नावावर फाटतं. हे पकडायचा उपाय स्वस्त आहे. कपलिंगवर (पंप आणि मोटरचे शाफ्ट जोडणाऱ्या भागावर) डायल इंडिकेटर लावा आणि मग फ्लँजचे बोल्ट आवळा. एपीआय ६८६ या मशिनरी बसवण्याच्या मानकाप्रमाणे शाफ्ट ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलला तर फ्लँज सोडायचा आणि जवळचा जॉइंट कापून पुन्हा फिट-अप करायचा. आणखी आवळून काही साधत नाही.

आता एका जॉइंटच्या अगदी जवळ जाऊ. टिगने (आर्गॉन वेल्डिंगने) रूट, म्हणजे सर्वांत आतला पहिला थर, मारायचा बट जॉइंट. दोन्ही तोंडांना साडेसदतीस अंशांचं बेव्हल, रूट फेस दीड मिमीच्या आसपास, आतून-बाहेरून इंचभर भाग चकचकीत घासलेला. गॅपसाठी ३.१५ चा इलेक्ट्रोड घेऊन त्याचा फ्लक्स झाडतात, तार वाकवून दोन तोंडांच्या मध्ये ठेवतात. पहिला टॅक बसला की थंड होताना त्या बाजूचा गॅप आवळतो आणि समोरचा उघडतो. म्हणून चांगला फिटर पहिल्या टॅकनंतर वेल्डरला थांबवतो, एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी गुण्या लावतो, हलक्या ठोक्याने पाइप सरळ आणतो आणि मग समोरचा टॅक मागतो. नंतर उरलेल्या दोन बाजू. घाईचा फिटर चारही टॅक सलग मारून घेतो आणि मग हातोड्याने पाइप सरळ करायला बघतो. त्यात टॅकला बारीक चीर जाते, आणि रूट मारताना ती तशीच आत गाडली जाते.

हाय-लोचंही, म्हणजे दोन तोंडांच्या कडांमधल्या वर-खालीच्या पायरीचंही, तसंच. पाइप बनतानाच जाडीत १२.५ टक्के कमीची सूट असते, म्हणजे ७.११ चा पाइप एखाद्या जागी ६.२ चाही निघू शकतो. एल्बो मात्र बहुधा जाडच असतो. नवखा फिटर बाहेरून बोट फिरवतो, सपाट लागलं की ओके म्हणतो. पण रूट बसतो आत. बाहेर जुळलेल्या जॉइंटला आत दीड-दोन मिमीची पायरी असू शकते, आणि बहुतेक वेल्डिंग प्रोसिजरमध्ये मर्यादा १.६ मिमी असते. जाणता माणूस हाय-लो गेज आत घालून चार जागी बघतो, पाइप गोल फिरवून फरक सगळीकडे सारखा वाटून टाकतो, आणि तरी राहिला तर जाड बाजू आतून उतार देत ग्राइंड करतो.

रेडिओग्राफीच्या (वेल्डच्या एक्स-रेच्या) फिल्मवर यातली प्रत्येक चूक ओळखू येते. मधोमध सरळ काळी रेघ आली तर रूट आत उतरलेला नाही, आणि गॅप आवळला गेला होता ही पहिली शंका. रेघ एका कडेला चिकटून असेल तर आधी हाय-लो तपासा. जागोजागी जास्त मेटल आत लोंबलंय किंवा भोक पडलंय, तर गॅप फाकलेला असण्याची शक्यता मोठी. गोल ठिपके दिसले तर ओल, वारा, गंज किंवा आर्गॉनचा प्रवाह. पहिल्या तिन्हींत मुळाशी बहुतेक वेळा फिट-अप असतो. पण जॉइंटवर नंबर वेल्डरचा असतो, रिपेअरची टक्केवारी वेल्डरची निघते, आणि वारंवार नापास झाला तर साइटवरून वेल्डरच काढला जातो. फिट-अप कुणी केला होता, हे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीही सांगता येत नाही.

टंचाईचा धागा इथे सुरू होतो. वेल्डरला कागद आहे. ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या वर दाबाची किंवा २५४ मिमीहून मोठ्या आतल्या व्यासाची आणि १ किलोच्या वर दाबाची स्टीम लाइन आयबीआरमध्ये (भारतीय बॉयलर नियमांत) येते, आणि तिच्यावर प्रमाणपत्र असलेलाच वेल्डर लागतो. एएसएमईच्या सेक्शन नऊ या वेल्डिंगच्या कोडप्रमाणे वेल्डरची प्रक्रियेनुसार टेस्ट होते, आणि सहा महिने त्या प्रक्रियेने काम केलं नाही तर पात्रता जाते. हे कडक आहे आणि असायलाच हवं. पण त्यामुळे वेल्डरला स्वतःची किंमत सिद्ध करता येते. फिटरला असा एकही कागद कुणी सक्तीने मागत नाही. ‘दहा साल का एक्सपीरियन्स’ एवढ्यावर गेट पास बनतो.

शिक्षणातही हीच पोकळी. आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर ट्रेड मुख्यतः बेंचवरचा आहे: फाइलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग, मशीनच्या भागांची जुळणी. पाइप जोडणीची ओळख होते, पण प्रोसेस लाइनचा आयसो वाचून स्पूल काढण्यापर्यंत गाडी जात नाही. प्लंबरचा ट्रेड इमारतींच्या पाण्या-सांडपाण्याचा. पाइप वेल्डरसाठी वेगळा ट्रेड आहे. अप्रेंटिसशिपमध्ये मात्र पाइप फिटर हा ट्रेड आहे, आणि मुंबईतलं माझगाव डॉक आपल्या अप्रेंटिस भरतीत दहावी पास मुलांना इलेक्ट्रिशियन, स्ट्रक्चरल फिटर यांच्या जोडीने पाइप फिटर म्हणूनही घेतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि त्या संख्येत ठेक्यावरची माणसंही धरतात. केमिकल कारखान्यांनी यातल्या दोन-तीन जागा जरी पाइप फिटरसाठी ठेवल्या तरी दर वसाहतीतून वर्षाला बरीच पोरं तयार होतील. उत्तर अमेरिकेत यूए ही पाइप कामगारांची संघटना याच कामाची अप्रेंटिसशिप पाच वर्षांची ठेवते. आपल्याकडे दीड-दोन वर्षं नेमाने शिकवलं तरी पुष्कळ फरक पडेल.

आपल्याकडे हे काम उस्तादाच्या हाताखालीच शिकलं जात आलंय. हेल्पर, मग ग्राइंडर, मग गॅस कटर, मग फिटर. ही शिडी मोडली ती दराच्या पद्धतीमुळे. पाइपिंगचं काम इंच-डायावर, म्हणजे जॉइंटच्या इंचातल्या साइझवर, मोजतात. ६ इंची एक जॉइंट म्हणजे ६ इंच-डाया. सपोर्ट बसवणं, व्हॉल्व्हच्या बाणाची दिशा बघणं, पंपाच्या सक्शनला एक्सेंट्रिक रिड्यूसरची (साइझ कमी करणाऱ्या, एक बाजू सपाट असलेल्या फिटिंगची) सपाट बाजू वर आहे का ते तपासणं, टेस्टसाठी ब्लाइंड (तोंड बंद करणारी चकती) आणि व्हेंट लावणं, शेवटी पंच पॉइंट (यादीतल्या उरलेल्या त्रुटी) मिटवणं, हे सगळं फिटरचं काम ‘दरात धरलेलं’ असतं. म्हणजे वेगळे पैसे नाहीत. अशा हिशेबात उस्तादाने हेल्परला तासभर मार्किंग शिकवलं की गँगचे तेवढे इंच-डाया कमी भरतात. शिकवणाऱ्याचं थेट नुकसान होत असेल तर तो का शिकवेल? शिवाय ठेका चार-सहा महिन्यांचा. हेल्पर कामाला लागेपर्यंत साइट संपते.

छोट्या साइझच्या लाइनवर हा अन्याय सर्वांत जास्त. २ इंची जॉइंटला २ इंच-डाया मिळतात, पण मोजमाप, कटिंग आणि जुळवणीचा वेळ ६ इंचीच्या एक तृतीयांश नसतो, निम्म्याहून जास्त असतो. त्यामुळे चांगला फिटर मोठ्या लाइनवर जातो आणि इन्स्ट्रुमेंट टॅपिंग, ड्रेन, स्टीम ट्रेसिंग अशी बारीक कामं अर्धशिक्षित हातांकडे येतात. सॉकेट वेल्डमध्ये, म्हणजे फिटिंगच्या खोबणीत पाइप घालून केलेल्या वेल्डमध्ये, पाइप तळाला टेकवून १.६ मिमी मागे घ्यायचा असतो. तो घेतलाच नाही, तर गरम झाल्यावर पाइपला वाढायला जागा उरत नाही आणि फिलेट वेल्डला तडा जातो. प्लांटमध्ये स्टीमची बारीक गळती कुठे-कुठे आहे ते एकदा फिरून बघा, त्यातली बरीच अशा जागी सापडेल.

मग चांगले फिटर जातात कुठे? एक मोठा ओघ आखाताकडे. तिकडच्या भरतीसाठी मुंबई-नवी मुंबईत ट्रेड टेस्ट होतात. आयसो देतात, पाइप-एल्बो देतात, मार्किंग करून फिट-अप करून दाखव म्हणतात. आयुष्यभर ज्याच्या कसबाची कुणी परीक्षा घेतली नाही, त्याची ती पहिल्यांदा इथे होते, आणि पास झाला की त्याचं मोल ठरतं. तो थांबेल कशाला? जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: एजंट ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघायचं, आणि सरकारी नियमाप्रमाणे त्याची फी ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा एक रुपया जास्त नाही.

उरलेले देशातल्या मोठ्या कामांवर. गेल्या काही वर्षांत राजस्थानात पचपदराची रिफायनरी, मध्य प्रदेशात बीनाचा विस्तार, आपल्याच अलिबागजवळ उसरला गेलचा पॉलिप्रॉपिलीन प्रकल्प, शिवाय नवी मुंबईतल्या डेटा सेंटरच्या चिल्ड वॉटर लाइन. साखर कारखान्यांना हंगाम संपल्यावर ओव्हरहॉलिंगला हीच माणसं हवी असतात. सगळ्यांना एकाच वेळी. बहुतेक गँग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालमधून येतात, म्हणून शटडाऊनची (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवण्याची) तारीख ठरवताना होळी, छठ आणि भातलावणीचे दिवस कॅलेंडरवर आधी खुणा करून ठेवा. त्या आठवड्यांत दर दुप्पट केला तरी माणूस थांबत नाही, आणि त्याने थांबावं अशी अपेक्षाही बरोबर नाही.

हातात दोनच खरे फिटर असतील तर त्यांना दोन गँगमध्ये वाटू नका. एकाला खाली मार्किंग टेबलावर बसवा. त्याने आयसोवरून कट शीट काढायच्या, पाइपवर खुणा करायच्या, पंच मारायचे. कापणं, बेव्हल, घासणं हेल्पर आणि ग्राइंडरकडे. असा एक माणूस तीन गँगना पुरतो. दुसऱ्याला वर, फक्त फील्ड जॉइंटसाठी. जास्तीत जास्त जॉइंट खाली शॉपमध्येच उरका, आणि जागेवर जुळवायच्या प्रत्येक स्पूलच्या एका टोकाला १०० ते १५० मिमी जादा लांबी ठेवा. तिथे प्रत्यक्ष माप घेऊन कापायचं. कट शीट ऑफिसमधल्या डिप्लोमाच्या मुलाने काढली तर चालते, पण एल्बो-फ्लँजची मापं त्याने आलेल्या मालावर स्वतः टेपने तपासलेली असली पाहिजेत, कॅटलॉगवरून उतरवलेली नकोत.

जॉइंटवर वेल्डरच्या नंबरशेजारी फिटरचाही नंबर लिहायला लावा. पेंट मार्करने एफ-०४ असं लिहायला पाच सेकंद लागतात. फिट-अप रिपोर्टमध्ये एक रकाना वाढवा. दोन महिन्यांत कुणाच्या फिट-अपवर रिपेअर कमी येतात ते आकड्यांत दिसेल, आणि त्या माणसाला जास्त दर द्यायला मालकाला कारण मिळेल. २ इंच आणि त्याखालच्या लाइनचा फिट-अप इंच-डायातून काढून रोजंदारीवर टाका. आणि उस्तादाला प्रत्येक तयार केलेल्या हेल्परमागे ठरावीक रक्कम द्या, हेल्पर टेस्ट पास झाल्यावर. नाहीतर हेल्परपासून फिटरपर्यंतची ती शिडी पुन्हा उभी राहणार नाही.

हेल्परला तयार करायला दीड वर्ष धरा. पहिले तीन महिने पाइपची साइझ, शेड्यूल, फिटिंगची नावं, हीट नंबर (मालाच्या बॅचचा नंबर), कटिंग आणि बेव्हल. पुढचे सहा महिने टॅकच्या वेळी उस्तादाशेजारी: गॅप, गुण्या, लेव्हल, हाय-लो गेज. त्यानंतर आयसो वाचणं, रोज एक, कागदावर कट लेंथ काढून उस्तादाकडून तपासून घ्यायची. शेवटचे सहा महिने स्वतःचे स्पूल, उस्ताद फक्त बघणार. मग अर्ध्या दिवसाची टेस्ट: ४ इंची पाइप, दोन ९० चे एल्बो, एक रोलिंग ऑफसेट, एक फ्लँज आणि फक्त आयसो. स्पूलची मापं अधिक-उणे ३ मिमीत, फ्लँजची दोन भोकं लेव्हलमध्ये, गॅप सगळीकडे सारखा, हाय-लो दीड मिमीच्या आत. नापास झाला तर महिन्याने पुन्हा. पास झाला तर त्या दिवसापासून फिटरचा दर आणि त्याचा स्वतःचा एफ नंबर.